एकास बारा : बर्कली ते वॉशिंग्टन

सोमवार, फ्रीमाँट ते अ‍ॅशबी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात माझी भाची राहते. तिच्याकडे येण्याचे निमित्त घरगुती असले, तरी दादाने आणि मी या प्रवासाची आखणी केली ती एका निश्चित हेतूने. लहानपणी पोलिओ झाल्यापासून दादा दोन्ही पायांनी अधू आहे आणि गेली कित्येक वर्षे तो चाकाची खुर्ची वापरतो. बँकेच्या विधी विभागातून निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा कलमवार अभ्यास केला. मी पुण्यात वास्तुरचनेचा व्यवसाय करते, त्यामुळे कायद्याची वही त्याच्याकडे आणि मोजण्याची टेप माझ्याकडे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत ज्या ठिकाणी लढून मिळवला गेला ती ठिकाणे पाहायची, आणि तो कायदा आज दारे, उतार, पदपथ यांत कसा उतरला आहे हे प्रत्यक्ष मोजायचे, असे आम्ही ठरवले होते.

फ्रीमाँटहून बर्कलीकडे जाणारी बार्ट ही रेल्वे १९७२ साली सुरू झाली. ती आखली जात होती तेव्हा स्थानकांत लिफ्ट असावी असे कोणत्याही राष्ट्रीय कायद्याचे बंधन तिच्यावर नव्हते. कोळशाच्या खाणीतील अपघातानंतर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या हॅरॉल्ड विल्सन नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि नकाशे कागदावर असतानाच लिफ्टचा आग्रह मान्य करून घेतला. रेल्वे बांधून झाल्यावर स्थानकाच्या पोटात लिफ्टसाठी जागा काढणे किती खर्चाचे आणि किती जिकिरीचे असते, हे आमच्या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून विल्सन यांचे श्रेय मला फार मोठे वाटते. दादा फलाटावरून डब्यात कोणाचाही हात न धरता गेला, आणि भाचीने सवयीने पुढे केलेला हात मागे घेतला.

अ‍ॅशबी स्थानकाला लागूनच एड रॉबर्ट्स कॅम्पस ही इमारत आहे. स्थानकाच्या वाहनतळाच्या जागेवर उभी राहिलेली ही वास्तू २०१० मध्ये खुली झाली, आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्था येथे एकत्र आहेत. आत शिरताच समोर लाल रंगाचा एक गोल वळणावळणाचा उतार दिसतो. तो वरून टांगलेला आहे आणि तळमजल्यावरून दुसऱ्या पातळीवर नेतो. आपल्याकडे रॅम्प म्हटला की तो इमारतीच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, नंतर सुचलेला असतो. येथे सबंध वास्तूची रचनाच त्या उताराभोवती केली आहे, आणि ज्यांना चालता येते तेही त्याच उताराने जातात. दोन खुर्च्या शेजारून जाऊ शकतील इतकी त्याची रुंदी आहे, त्यामुळे मी दादाच्या मागे न राहता बरोबरीने चालले. वास्तुरचनाकार म्हणून मला हे फार मोलाचे वाटले, कारण नियमाने रुंदीची किमान मर्यादा सांगता येते, पण दोघांनी बोलत बोलत वर जावे हा विचार रचनाकारालाच करावा लागतो.

मंगळवार, बर्कली

ज्यांच्या नावाने ती इमारत आहे त्या एड रॉबर्ट्स यांना वयाच्या चौदाव्या वर्षी, १९५३ मध्ये, पोलिओ झाला. मानेखालचे शरीर लुळे पडले आणि श्वासासाठी यंत्राची गरज लागू लागली. १९६२ मध्ये त्यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवला, पण त्यांचे अवजड श्वसनयंत्र मावेल असे वसतिगृह तेथे नव्हते. तेव्हा त्यांची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली. पुढे आणखी अपंग विद्यार्थी तेथे आले, आणि रुग्णालयाच्या त्या मजल्यावर चळवळ उभी राहिली. ते रुग्णालय आता पाडले गेले असून त्या जागी व्यवस्थापनशास्त्राची शाळा आहे. राज्याच्या पुनर्वसन विभागाने ज्या तरुणाला ‘नोकरी करण्याच्या पलीकडचा अपंग’ ठरवून मदत नाकारू पाहिली होती, त्याच तरुणाला १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याच विभागाचे संचालक नेमले. दादाने हे दोनदा वाचून घेतले. पोलिओ झालेल्या मुलाला शाळेने दाखल करून घ्यावे म्हणून आमच्या आईने किती उंबरे झिजवले होते, ते त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही मनात होते.

१९७२ मध्ये या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वावलंबी जीवनाचे केंद्र स्थापन केले. आपल्याला कोणती मदत हवी हे अपंग व्यक्ती स्वतः ठरवील आणि मदतनीस तिच्या सांगण्याने काम करील, हे त्या केंद्राचे सूत्र होते. त्याच सुमारास बर्कलीच्या नगरपरिषदेने पदपथांची टोके रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरवण्याचे काम हाती घेतले, आणि टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यू हा त्या कामातला अग्रक्रमाचा रस्ता होता.

त्याच रस्त्यावर आम्ही टेप काढली. पदपथाच्या उताराला एकास बारा हे प्रमाण सर्वांत तीव्र म्हणून मान्य आहे, म्हणजे सहा इंच उतरायचे असेल तर लांबी किमान सहा फूट हवी. आडवा कल अठ्ठेचाळीसास एकपेक्षा जास्त चालत नाही, कारण आडव्या कलावर खुर्ची एका बाजूला ओढली जाते आणि चालवणाऱ्याचा एक खांदा भरून येतो. उताराच्या तळाशी घुमटीसारख्या उंचवट्यांची पट्टी असते, ती अंध व्यक्तीच्या पायाला आणि काठीला ‘येथे रस्ता सुरू होतो’ असे कळवते. ही कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची, आणि ती १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम वापरात आली. पदपथाचे टोक पूर्ण सपाट केले तर खुर्चीची सोय होते, पण अंध माणसाला पदपथ संपल्याची खूणच उरत नाही. एकाची सोय दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून ही पट्टी अनिवार्य आहे. पुण्यात मात्र अशा पिवळ्या फरशा थेट झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या डीपीवर जाऊन संपलेल्या मी पाहिल्या आहेत. फरशी बसवणाऱ्याला ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.

दुपारभर दादा एकटाच त्या रस्त्याने वरखाली फिरला. आम्ही दोघी एका बाकावर बसून राहिलो.

बुधवार, सॅन फ्रान्सिस्को

या प्रवासातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे सिव्हिक सेंटर स्थानकाजवळची, ५० युनायटेड नेशन्स प्लाझा या पत्त्यावरची, १९३६ साली बांधलेली राखाडी दगडी सरकारी इमारत. पर्यटक तिच्याकडे पाहतही नाहीत. आम्ही समोरच्या चौकात बसलो आणि दादाने आपली वही उघडली.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ म्हणून एक वाक्य घालण्यात आले. केंद्र सरकारचा पैसा मिळणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून पात्र व्यक्तीला केवळ अपंगत्वाच्या कारणाने वगळता येणार नाही, असा त्याचा आशय होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सप्टेंबरमध्ये सही केली आणि हक्क अस्तित्वात आला. पण शाळा, रुग्णालय, विद्यापीठ यांनी नेमके काय करायचे, किती मुदतीत करायचे आणि न केल्यास काय होईल, हे सांगणारे नियम आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने करायचे होते, आणि ते नियम चार वर्षे झाले नाहीत. १९७६ मध्ये न्यायालयाने खात्याला नियम करण्याचा आदेश दिला, तरीही सही झाली नाही. १९७७ मध्ये कार्टर यांचे सरकार आले. नवे मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी मसुद्याचा पुन्हा विचार करायचे ठरवले, आणि त्यात सवलती व अपवाद शिरण्याची चिन्हे दिसू लागली.

५ एप्रिल १९७७ रोजी देशातील अनेक शहरांत अपंग कार्यकर्ते त्या खात्याच्या कार्यालयांत शिरले आणि तेथेच बसून राहिले. इतर ठिकाणची धरणी लवकर संपली. वॉशिंग्टनमध्ये तर जेवण आत जाऊ न दिल्याने एका दिवसाच्या आसपास लोकांना बाहेर पडावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मात्र शंभराहून अधिक माणसे जवळजवळ चार आठवडे राहिली. नेतृत्व ज्युडिथ ह्यूमन आणि किटी कोन यांच्याकडे होते. ह्यूमन यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता, आणि खुर्ची वापरते म्हणून शिक्षिकेचा परवाना नाकारला गेल्यावर त्यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाला न्यायालयात खेचले होते.

धरणे म्हटले की आपल्यासमोर घोषणा आणि सतरंज्या येतात. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांना रात्री कूस बदलून देणारे माणूस लागत होते, कोणाला लघवीची नळी बदलावी लागत होती, कोणाला ठरावीक वेळी औषध. घरची उपकरणे घरी राहिली होती. औषधे गार राहावीत म्हणून त्यांनी एअर कंडिशनरला खोका चिकटवून त्याचा शीतकपाटासारखा उपयोग केला. दूरध्वनी तोडले गेले तेव्हा कर्णबधिर कार्यकर्त्यांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांशी संवाद चालू ठेवला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने रोज गरम जेवण पोहोचवले, कारण त्यांचे सदस्य ब्रॅड लोमॅक्स, ज्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता, आत बसलेले होते. महापौर मॉस्कोनी यांनी गाद्या पाठवल्या. आपापसांत सर्वस्वी वेगळ्या असलेल्या या माणसांनी नियमांच्या एका दस्तऐवजासाठी शरीर पणाला लावले, आणि २८ एप्रिल १९७७ रोजी कॅलिफॅनो यांनी सही केली.

दादा बराच वेळ त्या चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहत होता. मग म्हणाला, “अगं, हे लोक कायद्यासाठी बसले नव्हते. कायदा तर चार वर्षांपूर्वीच झाला होता. हे नियमांसाठी बसले होते.”

आपल्याकडची गोष्ट याच ठिकाणी अडकली आहे, म्हणून मला ते वाक्य लागले. आपला पहिला कायदा १९९५ चा. त्यानंतर भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली, आणि २०१६ चा नवा अधिनियम एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४० ने केंद्र सरकारला सुगम्यतेचे, म्हणजे सर्वांना विनाअडथळा वावरता येण्याचे, नियम करण्यास सांगितले. जून २०१७ च्या नियमावलीत नियम १५ आला, पण त्याने इमारतींसाठी ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले त्यांची भाषाच शिफारशीची होती. अंध असलेल्या राजीव रातुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. अधिनियम सक्ती सांगतो आणि नियम मात्र ऐच्छिक ठेवतो, म्हणून नियम १५ चा पहिला उपनियम अधिनियमाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि किमान बंधनकारक नियम करण्यासाठी सरकारला तीन महिने दिले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तो कामकाजाचा शेवटचा दिवस होता. कायदा आणि नियम यांच्यातली ही दरी अमेरिकेत रस्त्यावरच्या माणसांनी ओळखली आणि ती भरून काढली. आपल्याकडे ती एका याचिकाकर्त्याने एकोणीस वर्षे न्यायालयात धरून ठेवली. रातुरींचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक वास्तुरचना महाविद्यालयात शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

गुरुवार, फ्रीमाँटच्या परिसरात

जवळच्या गावातल्या एका जुन्या कॅफेत दारालाच सहा इंचांची पायरी होती आणि उतार नव्हता. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर खोकी रचलेली होती. भाची संतापली आणि म्हणाली, “आत्या, इथे हे चालतच नाही!” चालत नाही हे खरे, पण १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टने जुन्या खासगी जागांसाठी कसोटी वेगळी ठेवली आहे. फारशी अडचण व खर्च न करता जो अडथळा दूर करता येईल तो दूर केलाच पाहिजे, अशी ती कसोटी आहे. सहा इंचांच्या पायरीला उतार लावणे त्यात सहज बसते, आणि खोकी हलवण्याला तर काहीच खर्च नाही.

अंमलबजावणीची पद्धत मात्र विचार करायला लावणारी आहे. या कायद्यासाठी सरकारी निरीक्षक दुकानोदुकानी फिरत नाही. अडवला गेलेला माणूसच न्यायालयात जातो. केंद्रीय कायद्याखाली त्याला दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाचा खर्च मिळतो, नुकसानभरपाई मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात मात्र उल्लंघनामागे किमान चार हजार डॉलरची तरतूद आहे, आणि त्यामुळे काही मोजक्या फिर्यादींनी शेकडो दावे लावल्याची तक्रार छोटे दुकानदार करतात. त्या तक्रारीत तथ्य आहे. तरी ज्या समाजात दावा लागण्याची भीती आहे तेथे पायऱ्यांना उतार लागतात, आणि जेथे ती नाही तेथे तीस वर्षांनंतरही लागत नाहीत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी त्या दुकानदारांची बाजू फार लांबवर घेऊ शकत नाही. राज्याने यावर प्रमाणित सुगम्यता तपासनीसांची सोय केली आहे. दुकानदाराने आधीच तपासणी करून घेतली तर दाव्यात त्याला काही संरक्षण मिळते. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

दादाने दावा लावला नाही. त्याने मालकिणीला बाहेर बोलावून उताराची लांबी समजावून सांगितली: सहा इंचांना सहा फूट. तिने ती बिलाच्या मागे लिहून घेतली.

शनिवार, विमानात

विमानांना डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट लागू नाही. त्यांच्यासाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे. विमानाच्या दारापर्यंत आपली खुर्ची, तिथून पट्टे असलेल्या अरुंद खुर्चीत बांधून आसनापर्यंत, आणि आपली खुर्ची सामानाच्या कप्प्यात. ती उतरताना धड मिळेल की नाही ही काळजी दादाला सबंध प्रवासभर होती, आणि ती जगातल्या प्रत्येक खुर्चीवाल्या प्रवाशाला असते. वाटेत आम्हाला जीजा घोष यांची आठवण झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्या शिक्षणतज्ज्ञ बाईंना २०१२ मध्ये कोलकात्यात विमानातून उतरवण्यात आले होते, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

रविवार, वॉशिंग्टन

येथील मेट्रो १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हा गॅलरी प्लेस हे स्थानक तयार असूनही बंद ठेवावे लागले, कारण लिफ्ट नसताना ते उघडू नये असा न्यायालयाचा आदेश होता. वर्षअखेरीस लिफ्ट आली, मग दारे उघडली. अपंग माणसासाठी सगळ्यांना थांबवून ठेवणे अन्यायाचे आहे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असणार. पण एकदा ते झाले, आणि लिफ्टशिवाय स्थानक उघडता येत नाही हे या शहराला कळले.

दुपारी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या स्मारकात गेलो. १९९७ मध्ये ते खुले झाले तेव्हा मुख्य पुतळ्यात त्यांच्या अंगावरचा लांब झगा खुर्चीला झाकून टाकत होता. १९२१ मध्ये पोलिओ झालेल्या आणि त्यानंतर चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या माणसाची खुर्ची लपवू नका, अशी मागणी अपंग संघटनांनी लावून धरली, वर्गणी जमवली, आणि जानेवारी २००१ मध्ये प्रवेशापाशीच चाकाच्या खुर्चीत बसलेला दुसरा पुतळा बसवला गेला. तो जमिनीवरच आहे, चौथऱ्यावर नाही, त्यामुळे दादाचे आणि त्याचे डोळे एका पातळीत आले. स्मारकातली ब्रेल अक्षरे मात्र इतकी मोठी कोरली आहेत की बोटांना वाचता येत नाहीत, अशी टीका अंध लोकांनी केली होती, आणि हात फिरवून पाहिल्यावर ती मला पटली. शोभेसाठी केलेली सुगम्यता ज्याच्यासाठी आहे त्याला विचारल्याशिवाय केली की असेच होते.

पुढचा सोमवार, कॅपिटॉल आणि सर्वोच्च न्यायालय

१२ मार्च १९९० रोजी, डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टचे विधेयक सभागृहात रेंगाळत असताना, शेकडो अपंग माणसे व्हाइट हाउसपासून येथे, कॅपिटॉल या संसद भवनापाशी, मोर्चाने आली. पश्चिमेकडच्या पायऱ्यांपाशी साठेक जणांनी खुर्च्या आणि कुबड्या सोडून दिल्या आणि ते हातांवर सरपटत वर चढू लागले. त्यांत जेनिफर कीलन ही आठ वर्षांची मुलगीही होती. २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कायद्यावर सही केली. ज्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो कायदा देशाला लागू केला, तिच्यावर तो पूर्णपणे बंधनकारक झाला १९९५ मध्ये, वेगळ्या कायद्याने. आज पूर्वेकडे जमिनीखाली बांधलेल्या अभ्यागत केंद्रातून पायरी न चढता आत जाता येते, आणि आम्ही तसेच गेलो.

समोरच सर्वोच्च न्यायालय आहे. त्याच्या भव्य पायऱ्या टाळून मेरीलँड अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूच्या दाराने आत गेलो. २००४ मध्ये येथे टेनेसी राज्याविरुद्ध जॉर्ज लेन यांचे प्रकरण निकाली निघाले. एका फौजदारी खटल्यासाठी लिफ्ट नसलेल्या न्यायालयाच्या दोन मजल्यांच्या पायऱ्या लेन सरपटत चढले होते. पुढच्या तारखेला त्यांनी सरपटण्यास आणि उचलून नेऊ देण्यास नकार दिला, तेव्हा गैरहजर राहिल्याबद्दल त्यांना अटक झाली. न्यायालयात पोहोचण्याचा हक्क मूलभूत असल्याने अशा प्रकरणी राज्यावर दावा चालतो, असा निर्णय पाच विरुद्ध चार अशा मतांनी झाला. एका मताने. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांच्या जिन्यांत पक्षकारांना पाठुंगळीवर नेताना दादाने नोकरीच्या काळात कितीदा पाहिले आहे, ते त्याने तेथल्या बाकावर मला सांगितले.

संध्याकाळी मुक्कामावर त्याने अर्ज लिहायला घेतला. आपल्या अधिनियमाच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीच्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारतींची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये उलटून गेली आहे. आमच्या प्रभागात त्यानंतर ज्या सार्वजनिक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, त्यांच्या मंजूर नकाशांत उतार, दारांची रुंदी आणि स्वच्छतागृहाची मापे काय दाखवली आहेत, ती माहिती अधिकारात मागायची, असे त्याने ठरवले आहे. मापे तपासायचे काम माझ्याकडे आहे. परतल्यावर पहिल्या आठवड्यात अर्ज दाखल होईल, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील कोणाकडे करायचे तेही त्याने अर्जाच्या समासात लिहून ठेवले आहे.